शेडवरचं नाव

दूधविनायक, काशी
११ ऑक्टोबर २०२५

वेणीमाधव भावजी,

त्या दिवशी नळ जायच्या आत मी दोन हंडे भरले, गच्चीतल्या कपड्यांवर माकडांनी नेऊ नयेत म्हणून विटा ठेवल्या, डाळ निवडली आणि कणीक भिजवायला घेतली. हे देवघराच्या भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले होते आणि म्हणत होते, "टी ओ, ओ टी, टी ओ झेड, झेड ओ टी, टी ओ झेड." माझ्यासमोर सईची जुनी पाटी होती. तिच्यावर बघून मी चुकलं की "हं" म्हणत होते. सई आतून ओरडली, "बाबा, हा कोणता वेद?" आम्ही दोघं हसलो. मग डबा घेऊन हे बस पकडायला गेले आणि मी फोडणी टाकली.

तुम्हाला लिहायला बसले तर हीच सकाळ पुढे आली, म्हणून लिहून टाकली. अक्षरं कशाची होती ते आज नको. आज काम लिहिते.

सहा वर्षांनी लिहिते आहे. हे गेले तेव्हा सईने तुम्हाला फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. त्याची तक्रार नाही. मध्य प्रदेशात सागरला भाच्याच्या सायकल दुकानात बसता असं कळलं, पत्ता विश्वजीतने शोधून दिला.

तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला नीट माहीत नसेल. फ्यूजच्या त्या लॉटची चौकशी झाली, तुम्हाला काढलं, आणि चार महिन्यांनी ह्यांनीही नोकरी सोडली. डोळे गेले म्हणून. घरी बसून ते मला सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. तोफेच्या गोळ्याच्या टोकाचा फ्यूज ज्या लेथवर वळतो त्याच लेथवर हापशाचा व्हॉल्व्ह कसा वळेल, कोणता माणूस कोणतं काम लवकर शिकेल, पितळ किती लागेल. लोक यायचे, ऐकून चहा पिऊन जायचे. मग कारखान्याला फ्यूजची ऑर्डर मिळेना, बत्तीस माणसांना घरी बसा म्हणून सांगितलं, तेव्हा ती वही कामाला आली. मालकांनी मागची शेड भाड्याने दिली. एक माणूस मधे गेला, आज तिथे एकतीस आहेत. त्यांचे हापसे मिर्झापूर-सोनभद्रकडे गावोगाव बसलेत. आपली मुक्ता, जी फ्यूजच्या स्प्रिंगा भरायची, ती आता महिन्यातून एकदा गावांत जाऊन हापसे चालतात का बघून येते. म्हणते, "काकू, वीस वर्षं मी केलेली वस्तू कुठे जाते ते मला ठाऊक नव्हतं. आता बायका मला गूळ-पाणी देतात."

आता पुन्हा जगात लढाया लागल्या आहेत आणि कारखान्याला गोळ्यांची मोठी ऑर्डर आली आहे. मालक म्हणतात, सगळे परत फ्यूजवर या, पगार वाढवून देतो. शेड हवी असेल तर निदान अठरा माणसांनी थांबतो असं लिहून द्यावं, मग पुढची पाच वर्षं ती तुमची. नाही तर रिकामी करा. रविवारी ९ नोव्हेंबरला शेडमध्ये सभा आहे.

विश्वजीत शेडचं सगळं बघतो, तुमच्या वेळी नवा मुलगा होता तो. परवा येऊन बसला. शेडवर पाटी लावायची म्हणतो, 'विष्णु-स्मृती कार्यशाळा'. त्याच सभेत, माझ्या हाताने.

"काकू, भाषण नको, दो बातें. बस इतकंच बोला, की काकांची नजर त्या दुःखाने गेली, पण रस्ता त्यांनाच दिसला."

"हे घरून लिहून आणलंस?"

"ऑटोत सुचलं."

"मग ऑटोतच राहू दे."

तो हसला, पण हटला नाही. "काकू, मी मजाक करत नाही. लोक डळमळलेत. आपल्यातलाच मुन्नीलाल परत फ्यूजवर चला म्हणून रोज एकेकाला फोडतोय. काकांच्या नावावर पाच-सात जण तरी थांबतील. तुम्ही उभ्या राहिलात की झालं."

मी चहा ठेवायला उठले. मग तो म्हणाला की शेडला हापसे तपासायला पक्का माणूस हवा, वेणीमाधव काका आले तर बरं. म्हणून हे पत्र. याल का?

पद्मा


२४ ऑक्टोबर

भावजी,

तुमचं कार्ड भाऊबीजेला आलं. चारच ओळी होत्या. "वहिनी, दादांच्या नावाने चांगलं चाललं आहे तर चालू द्या. मला बोलावू नका. मी न बघता शिक्का मारला आणि एका जवानाचा हात गेला. त्यानंतर मी कुठल्याही वस्तूला पास म्हटलेलं नाही."

कार्ड दिवसभर फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून वाचलं. आता लिहिते.

त्या लॉटवर दोन शिक्के होते, आधी ह्यांचा, मग तुमचा. चौकशीत तुम्हाला विचारलं, न बघता का मारला? तुम्ही म्हणालात, "दादांचा शिक्का होता." साहेबांनी मान्य केलं की सव्वीस वर्षांत ह्यांच्या हातून वाईट तुकडा गेलेला नाही, म्हणजे फ्यूजला तडा नंतर गेला असणार, आणि नंतर बघायचं काम तुमचं होतं. तिथेच तुमचं नाव बुडालं.

ह्यांनीही ते तुकडे बघितले नव्हते. बघू शकतच नव्हते.

२०१६ साली डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून सांभाळा. कारखान्यात कळलं असतं तर तपासणीतून काढून गोदामात बसवलं असतं, नाहीतर घरी. सई कॉलेजात होती. आम्ही ठरवलं, थोडे दिवस कोणाला सांगायचं नाही. ते थोडे दिवस तीन वर्षं झाले.

दर मार्चला कारखान्याच्या दवाखान्यात तपासनिसांचे डोळे बघायचे, तुम्हालाही आठवत असेल. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच. एके दिवशी बी.पी. बघण्याच्या निमित्ताने हे तिथे गेले आणि नाक टेकेल इतक्या जवळ उभं राहून त्यांनी तो पाठ केला. घरी येऊन मला सांगितला. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. कोणतं अक्षर कसं काढायचं ते त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवलं आणि मी पाटीवर उतरवलं. आज मी वाचनालयातून इंग्रजी पुस्तकं आणते, गल्लीतले लोक कौतुक करतात. माझी इंग्रजीची मुळाक्षरं ती आहेत.

नुसतं सरळ पाठ करून भागत नाही. कंपाउंडर तोंडाने सांगायचा, चौथी ओळ उजवीकडून, मधलं कोणतं, खालून दुसरी. म्हणून ह्यांनी त्याचा घन केला. आमचे मामंजी घनपाठी होते, हे तुम्ही जाणता. ह्यांनीही मुंज झाल्यावर चार वर्षं वडिलांपुढे बसून संथा घेतली होती, मग आयटीआयला गेले. पहिलं-दुसरं, दुसरं-पहिलं, पहिलं-दुसरं-तिसरं, पुन्हा उलट, पुन्हा सुलट. एकदा असं बसलं की कुठूनही विचारा, सुटत नाही. महिनाभर रोज सकाळी मी कणीक मळताना ऐकून घेत होते. माझे मामंजी असते तर कोणत्या घरात हे चाललं आहे म्हणाले असते. पण खरं सांगते, तेव्हा वाईट वाटलं नाही. मजा वाटत होती.

कंपाउंडर ह्यांना म्हणाला, "पंडितजी, आपकी आँख तो बाज़ की है।" हे घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवत होते. त्या संध्याकाळी मी शिरा केला होता. तीन मार्च असे गेले, आणि तीनदा शिरा केला.

मापाचं, गेजचं काम बोटांनी व्हायचं. तुकडा गेजात गेला तर गेला, अडला तर अडला, ते त्यांना डोळे मिटूनही कळे. पण केसाएवढा तडा भिंगाखाली डोळ्यांनीच बघायचा असतो. तडा बघितल्यासारखं ते करायचे. भिंग धरायचे, तुकडा फिरवायचे, ठेवायचे, शिक्का मारायचे. तुम्ही शेजारच्या टेबलावर होतात. तुम्हाला वाटायचं, दादा किती सावकाश बघतात.

लोक म्हणतात ह्यांची नजर त्या दुःखाने गेली. नजर आधी गेली होती.

पद्मा


६ नोव्हेंबर

भावजी,

तुमचं उत्तर नाही. येणार नाही असंच वाटलं होतं. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात एक गोष्ट ठेवून दिली होती.

काल इथे देवदिवाळी झाली. मी घाटावर गेले नाही. कार्तिकभर पंचगंगा घाटावर बांबूंना दिव्यांच्या करंड्या टांगतात, तुम्हीही बघायला यायचात. मागच्या आठवड्यात मंगळवारी मंगला गौरीच्या देवळातून परतताना जिन्यावर एक बाई तिच्या नातीला सांगत होती, हे दिवे पितरांचे, आणि ते तिकडचे लढाईत गेलेल्या जवानांचे. आपला जवान गेला नाही, हात गेला. तरी मी आल्या वाटेने मागे फिरले आणि लांबच्या गल्लीने घरी आले.

ठेवून दिलेली गोष्ट अशी. चौकशीच्या दिवशी ह्यांनी सकाळीच आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "मी सांगून येतो."

मी म्हटलं, "काय सांगणार?"

"जे आहे ते."

"सांगून त्या मुलाचा हात परत येणार आहे का?"

मी बोलत राहिले. सईचं शेवटचं वर्ष आहे म्हटलं. नाव जाईल, नोकरी जाईल, खटला होईल म्हटलं. आणि हेही म्हटलं, "वेणीमाधवला मागे-पुढे कोण आहे? एकटा जीव. त्याला दुसरीकडे काम मिळेल." हे वाक्य मी बोलले. लिहिताना दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं.

ते तरीही उठले. मग मी त्यांच्या चपला उंबऱ्यापासून उचलून आत पलंगाखाली सरकवल्या. ते दारात उभे राहून पायाने चपला शोधत होते. इकडे पाय फिरवला, तिकडे फिरवला. मी जवळच उभी होते. थोड्या वेळाने ते मागे येऊन बसले आणि म्हणाले, "बस गेली असेल आता." मी म्हटलं, "हो, गेली."

त्यानंतर तीन वर्षं जगले. चपलांचं त्यांनी कधी काढलं नाही, मीही नाही. वही सुरू केली ती त्याच आठवड्यात, नोकरीत असतानाच. लोकांना ती त्यांची तपश्चर्या वाटते. मला ती लिहून घेताना वाटायचं, हा माणूस मला काहीतरी सांगतो आहे आणि मध्ये व्हॉल्व्हचं माप येतं आहे.

सईला परवा फोनवर सगळं सांगितलं. ती लखनौला बँकेत आहे. तक्त्याचं तिला अर्धवट माहीत होतं, चपलांचं नव्हतं.

"आई, हे सभेत सांगणार आहेस?"

"बघते."

"आता सांगून तुला काय मिळणार?"

"मला काही नको."

"मग बाबांना राहू दे ना जिथे आहेत तिथे. माझ्या घरी त्यांचा फोटो आहे, ओजस रोज त्याला आजोबा गुड मॉर्निंग म्हणतो. त्याला काय सांगू?"

"त्याला गुड मॉर्निंग म्हणू दे."

"तू ना आई," म्हणाली आणि फोन ठेवला. रडत होती बहुधा.

काल विश्वजीत पाटी दाखवायला आला. पितळी आहे, शेडमध्येच कोरली, अक्षरं चांगली आलीत. त्यालाही थोडं सुचवून पाहिलं, की काकांबद्दल तुम्हाला सगळं ठाऊक नाही. तो म्हणाला, "काकू, जे आहे ते दहा तारखेला सांगा. नऊला नको." त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. एकतीस घरांचा प्रश्न आहे. गोळे करायला परत गेले तर पोट भरेल, कोणी उपाशी मरणार नाही, पण मुक्ता पुन्हा त्या स्प्रिंगा भरायला बसेल. आणि मी खोटं बोलून त्यांना थांबवलं, तर ते उद्या ज्या हापशाला पास म्हणतील तो कोणाच्या भरवशावर म्हणतील?

तीन दिवस आहेत. पद्मा


१२ नोव्हेंबर

भावजी,

सभा झाली.

शेड झाडून-पुसून ठेवली होती. ह्यांचा फोटो खुर्चीवर, झेंडूचा हार, शेजारी पाटी लाल कापडाने झाकलेली. मला पहिल्या बाकावर बसवलं. आधी मुन्नीलाल बोलला. त्याला बोलता येतं. "भइया, गोले में इज़्ज़त भी है। देश का काम है। पंप तो कोई भी बना ले।"

मुक्ता मागून म्हणाली, "तुम तो रहने ही दो मुन्नीलाल, तुम्हारे वाले टपकते हैं।"

सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, "हँसो। मेरी बेटी की फ़ीस कौन भरेगा, तुम्हारी गाँववालियाँ?" तेव्हा कोणी हसलं नाही.

विश्वजीतने माझं नाव घेतलं आणि कापडाची दोरी माझ्या हातात दिली. मी ती ओढली नाही. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून ठेवली आणि बोलले. हिंदीत, हळू. काचबिंदू सांगितला, तक्ता सांगितला, घनाचं सांगितलं. काही जणांना ते समजेना, तेव्हा तीन अक्षरांचा म्हणून दाखवला. दोघं-तिघं हसले आणि लगेच थांबले. चौकशीच्या दिवशीच्या चपला सांगितल्या. शेवटी सांगितलं की वेणीमाधव ह्यांच्या भरवशावर चुकले, आणि हे माझ्या भरवशावर. वहीतली मापं खरी आहेत, ती मी स्वतः लिहिली आहेत आणि हापसे चालतात ते तुम्ही बघता. त्यासाठी थांबायचं असेल तर थांबा. ह्या फोटोसाठी थांबू नका.

मुन्नीलाल म्हणाला, "तो तीन साल से हम किसकी फोटो पर माला डाल रहे हैं?"

"उन्हीं की," मी म्हटलं. "आदमी वही है।"

"नहीं भाभीजी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "वो आदमी हमने देखा ही नहीं।" आणि बाहेर बिडी ओढायला गेला. त्याच्यामागे आणखी काही जण गेले. परत आले तेव्हा थांबणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. विश्वजीतने दोनदा मोजले. सतरा.

एक कमी. मालकांनी महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे. विश्वजीतने पाटी कापडासकट उचलून भिंतीला टेकवून ठेवली, आणि जाताना एवढंच म्हणाला, "पाच मिनट, काकू. हात वर झाल्यावर पाच मिनटांनी सांगितलं असतं." मी तुम्हाला अठरावे म्हणून बोलावत नाही. तसं वाटलं असेल तर हे पत्र फाडून टाका. तुम्ही यावं असं मला वाटतं, पण ते वाटणं माझं आहे, तुमच्यावर त्याचं ओझं नाही.

मुक्ता मला ऑटोपर्यंत सोडायला आली. मग विचारलं, "काकू, त्या मुलाचं नाव काय होतं? ज्याचा हात गेला."

"ठाऊक नाही."

"काकांनी कधी विचारलं नाही?"

"चौकशीच्या कागदात फक्त नंबर होता. आम्ही कोणीच विचारलं नाही."

"आता एका हातानं काय करत असेल," ती म्हणाली. उजवा होता की डावा, तेही मला सांगता आलं नाही. ऑटोवाला घाई करत होता.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. तीन कागद गेले, चौथा बरा झाला. तपासनीस विष्णु यांना त्या दिवशी दिसत नव्हतं, हे त्यांच्या पत्नीला माहीत होतं, ते सांगायला निघाले असताना पत्नीने अडवलं, म्हणून तपासनीस वेणीमाधव यांच्यावर ठेवलेला दोष काढून तसं त्यांना लेखी कळवावं. खाली दुसरी मागणी लिहिली, त्या जवानाचं नाव आणि गाव मला द्यावं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी बसने पूल ओलांडून कारखान्यात गेले. फाटकावरचा शिपाई म्हणाला साहेब उद्या येतील, मी म्हटलं बसते. दुपारी तीनला साहेब आले. त्यांनी अर्ज उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला आणि मला विचारलं, ह्यावर तुमचीच सही आहे ना. मी हो म्हटलं, पोच घेतली आणि घरी आले.

पद्मा